तिसरा हात

स्प्रिंग निसटली, सुनेच्या अंगठ्याची साल काढून ओट्याखाली गेली. ओठांवरची शिवी गिळत तिने पालथं पडून ती चाचपडत बाहेर काढली.

सकाळी नवऱ्याने सायकलचा मागचा गिअर पान्याने खोलून त्याचे तुकडे स्वयंपाकघरभर भिरकावले होते. मग त्याच पान्याने तिचा खांदा फोडला. जा आता माहेरी, म्हणाला, आणि जेवून झोपला. मेल्याला झोप मात्र राजासारखी लागते. सायकल तिच्या वडिलांची, जुनी. माहेरचा रस्ता सगळा चढाचा, गिअरशिवाय सायकल म्हणजे नुसतं ओझं. मागे ती पायी निघाली होती, तर त्याने वळणावर गाठून केसांना धरून आणली होती. यापुढे इथे राहिली तर जिवंत राहणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

दोन्ही दातेरी चाकं पुसून तिने गिअरच्या दोन पत्र्याच्या पट्ट्यांमध्ये बसवली. आता त्या पट्ट्या फिरवून आतली स्प्रिंग पिळायची आणि पीळ सुटायच्या आत छोटा स्क्रू आवळायचा. वडील पिळायचे, स्क्रू ती लावायची. या कामाला तीन हात लागतात म्हणायचे ते. आज तिचा एकच हात चालत होता, आणि स्क्रू कुठेच नव्हता.

सासू दारात उभी होती. बाई कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आत मार सुरू झाला की नळ सोडून भांडी घासायला बसायची. सुनेने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सासू समोर येऊन बसली. मूठ उघडली. तळहातावर स्क्रू होता.

"फेकून दे म्हणाला होता."

मग तिने पट्ट्या दोन्ही हातांनी धरल्या आणि कपडे पिळावेत तशा पिळल्या. पत्र्याची कड तळव्यात घुसली, मनगटावरून रक्त ओघळलं.

"आई, सोडू नका."

"तू स्क्रू बघ."

स्क्रू बसला. अंगणात सुनेने गिअर सायकलला लावला, चेन चढवली, पेडल फिरवून पाहिलं. तेवढ्यात आतून नवऱ्याने हाक मारली, तिचं नाव घेऊन, शिवीसकट.

सासू उठली. त्याच्या खोलीचं दार ओढून तिने बाहेरून कडी घातली. आधी हाका आल्या, मग लाथा. दार चौकटीसकट हादरू लागलं.

सासूने नळ पूर्ण सोडला आणि कापलेल्या हाताने भांडी घासायला बसली.