डोक्यावरच्या खुणा

संग्रहालयाचे निवेदन सांगते: "कोशाचे संगणकीकरण करताना एकही अक्षर गहाळ झालेले नाही." विधान खरे आहे, आणि लबाडी नेमकी तिथेच आहे. माझ्या आत्याने उभी हयात घालवून कार्डांवर रचलेल्या एका बोलीच्या त्या कोशात अक्षरांवर चढत्या-उतरत्या सुरांच्या खुणा होत्या. ती बोली बोलणारे आता कुणी उरलेले नाही. तिचा आवाज राहिला होता तो त्या खुणांतच. संगणकात अशी खूण स्वतंत्र चिन्ह असते. तिला स्वतःचा क्रमांक असतो, पण ती वेगळी जागा अडवत नाही, आधीच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. नुसती अक्षरे मोजली, तर खूण गेल्याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

चौकशीच्या खोलीत संगणक विभागाचे प्रमुख हसले. "अहो बाई, चार टिंबांसाठी केवढा हा आकांत!"

"टिंबं? मूळ कार्डं मागवा, साहेब. दाखवते."

ते खिडकीबाहेर पाहू लागले. शेजारी बसलेल्या आत्याने काठी आपटली. "बोला की! आता का दातखीळ बसली?"

त्यांचे उत्तर शब्दशः असे नोंदले गेले: "लोक खुणा न देता शब्द टाइप करायचे, मग शोधात काही सापडायचं नाही, आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. शोधासाठी वेगळी प्रत करायची असते, हे मला ठाऊक होतं. मी मूळ प्रतीतल्याच खुणा पुसल्या. कार्डं त्याआधीच रद्दीत घातली होती."