चिंतामणी रंगाची गाडी

तांबडी कोंबडी तीन दिवस दिसेना, तेव्हा द्वारकाबाईला कळून चुकलं, की ती ट्रकात अंड्यांवर बसलीय.

ट्रक म्हणजे येडशीजवळच्या त्यांच्या वस्तीवर, घराच्या उजव्या अंगाला चिंचेखाली उभी असलेली लांब नाकाची जुनी गाडी. गोरोबाच्या वडलांनी ती जुनीच घेतली होती, त्यालाही आता पन्नास वर्षं होत आली. आधी बापानं आणि मग लेकानं तिच्यातून ज्वारी नेली, गूळ नेला, विटा नेल्या, एकदा तर अख्खं वऱ्हाड नेलं. पुढं गोरोबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, नजर परत आली, पण तोवर गाडीचे कागद संपले होते आणि हातातलं काम सुटलं होतं. गाडी चिंचेखाली लागली ती लागलीच. नऊ पावसाळे तिनं उभ्यानं काढले.

द्वारकाबाईनं केबिनचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार ओढलं, पदर खोचला आणि पाय आत टाकला. कोंबडी फडफडली. द्वारकाबाईचा दुसरा पाय पडला तो थेट खाली. गंजलेला पत्रा पापडासारखा मोडला, आणि ती गुडघ्यापर्यंत गाडीच्या पोटात अडकली.

"अगं बाई! कुणी हाय का?"

सून शिवांजली धावत आली. सासूचा एक पाय वर सीटजवळ आणि दुसरा चाकाशेजारी लोंबकळताना पाहून तिला आधी भीती वाटली आणि मग हसू फुटलं. "आत्या, हलू नका बरं," एवढं म्हणून ती तोंडाला पदर लावून शेजारच्या कल्याणप्पाला बोलवायला गेली.

कल्याणप्पा उमरग्याकडचा. जन्मभर त्यानं पत्र्याच्या ट्रंका आणि धान्याचे डबे केले होते. पत्रा कापायची कात्री घेऊन तो आला आणि गाडीखाली पाठीवर पडून म्हणाला, "अय्यय्यो वैनी, गप बसा. पत्रा चावतोय बगा."

पाय मोकळा व्हायला पाव तास लागला. तेवढा वेळ द्वारकाबाईला सीटवर नुसतं बसून राहण्यावाचून काही काम नव्हतं. तीस वर्षं या गाडीचा आवाज तिनं ओळखला होता. दोन शेतं पलीकडून हॉर्न आला की ती चुलीवर तवा ठेवायची. पण ड्रायव्हरच्या अंगाला ती कधी बसली नव्हती. स्टेअरिंगच्या काळ्या चाकावर दोन जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. तिनं सहज हात ठेवले. तिचे हात त्या जागांत हरवून गेले.

बाहेर माणसं जमली होती. गोरोबा सगळ्यांच्या मागं उभा होता.

"भंगारवाल्याला सांगावा धाडा," तो म्हणाला. "कुनाचा पाय जायच्या आत न्या म्हनावं." आणि गाडीकडं न बघता घरात निघून गेला.

ते न बघणं द्वारकाबाईनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. द्वारकाबाई धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन, पोटरीला पट्टी बांधून दारात उभी होती.

"हितं भंगार न्हाय," ती म्हणाली.

"मग ही काय हाय, मावशी?"

"ही दुरुस्तीला काढलीय."

"कुनी?"

"म्या!"

भंगारवाला हसत गेला. आत बाजेवर पडलेल्या गोरोबानं सगळं ऐकलं आणि कूस बदलली.

द्वारकाबाई आसपासच्या चार गावांतल्या बायकांची झंपरं शिवायची. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: काठ विरला म्हणून कोणी साडी टाकून देत नाही. गाडीभोवती तिनं दोन चकरा मारल्या, ठिकठिकाणी बोटानं टकटक करून बघितलं. बॉनेट दणकट. वरचा टप दणकट. गंज खाली होता, जिथं पाणी साचायचं तिथं: केबिनचा तळ, दोन्ही दारांच्या कडा, मडगार्डांची टोकं. "कापड चांगलं हाय," ती शिवांजलीला म्हणाली, "खालचे काठच तेवढे गेलेत."

तांबडी कोंबडी अंड्यांसकट पाटीत घालून घरात हलवली, आणि सकाळी झंपरं, दुपारनंतर गाडी असा तिचा नेम सुरू झाला. तोंडाला फडकं बांधून ती तारेच्या ब्रशनं घासायची. तांबड्या भुग्यानं तिच्या पापण्यासुद्धा लाल व्हायच्या. झंपर टाकायला आलेल्या बायका माप द्यायचं सोडून गाडीपाशी उभ्या राहायच्या. एकदोघींनी घासूनही बघितलं. खालून चमकता पत्रा निघाला की एकमेकींना हाका मारून दाखवायच्या, जसं काही मातीतून चांदी निघाली.

गोरोबा अंगणातल्या बाजेवर गाडीकडं पाठ करून बसायचा. चौथ्या दिवशी ब्रशचा आवाज ऐकून तो तसाच पाठमोरा बोलला.

"आडवं घासू नको."

"कुनाला म्हनताय?" द्वारकाबाईनं हात न थांबवता विचारलं.

"पत्र्याची धार हाताला लागंल. उभं घास. आन उघडा पत्रा रातभर तसाच ठिवू नको, दवानं सकाळी पुन्हा गंज धरतोय. रोज घासलेलं रोज रेडॉक्साईडच्या तांबड्या रंगानं झाकायचं."

"मग हे चार दिवस का न्हाय सांगितलं?"

गोरोबा उठला, चष्मा पुसला आणि गाडीपाशी आला. बॉनेटचा खटका त्याच्या बोटांना आपसूक सापडला. झाकण कुरकुरत उघडलं, आणि त्यानं आत डोकं घातलं.

"हे बघ," तो आतूनच म्हणाला, "रंग तुझा, इंजिन माझं. तू माझ्यात बोलायचं न्हाय, म्या तुझ्यात बोलनार न्हाय."

हा करार त्यानं त्याच संध्याकाळी तीनदा मोडला.

केबिनच्या तळाचं काम मोठं होतं. कुजलेला भाग कापून काढल्यावर खाली हातभर भोक पडलं, वेडंवाकडं, कोपऱ्यात गोल. कल्याणप्पानं नवा पत्रा आणून दिला, पण गुडघ्यांमुळं त्याला केबिनमध्ये शिरता येईना. "माप कसं घेनार वैनी? असल्या भोकाला फूटपट्टी काय कामाची?"

द्वारकाबाई घरात गेली आणि जुना पेपर, टाचण्या, खडू घेऊन आली. भोकावर पेपर पसरून तिनं कडेकडेनं बोट फिरवलं, बाहीचा मुंढा काढावा तसा कोपरा गोल कापला आणि तो कागद पत्र्यावर ठेवून खडूनं रेघ मारली. मग त्या रेघेबाहेर दोन बोटं सोडून दुसरी रेघ.

"ही दुसरी कशाला?" कल्याणप्पानं विचारलं.

"माया सोडलीय. शिलाईला कापड नको का?"

कल्याणप्पा पोट धरून हसला. "साठ वर्षं पत्रा कापला, पन पत्र्याला माया सोडलेली आज बघितली!" पण पत्रा कापून बसवला तेव्हा तो कुठं उचलला नाही की कुठं कमी पडला नाही. भोकं पाडून, रिवेट ठोकून त्यांनी तो पक्का केला. द्वारकाबाई त्याच्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि मग चक्क नाचली.

बारीक खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, पाण्याचा पॉलिश पेपर मारला, आणि प्रश्न आला रंगाचा. गोरोबाचं म्हणणं, गाडी मुळात तपकिरी होती, तपकिरीच करायची. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं द्वारकाबाई धाराशिवला गेली आणि रंगाच्या दुकानात काउंटरवर कापडाचा एक तुकडा ठेवला. निळ्याहिरव्याच्या मधला, मोराच्या मानेचा.

"ह्या रंगाचा ऑइलपेंट द्या."

"हा कुठला रंग, काकू?"

"चिंतामणी."

दुकानदारानं रंगांचं कार्ड उलटंपालटं केलं. चिंतामणी त्यात नव्हता. मग मशीनखाली डबा धरून त्यानं रंग मिसळायला घेतला. द्वारकाबाई शेजारी उभी राहून सांगत होती, "निळा लई झाला. आता हिरवा एक थेंब. एकच! हं, थांबा." चौथ्या खेपेला तिनं तुकडा डब्याशेजारी धरला आणि मान हलवली. दुकानदारानं तो रंग वहीत उतरवून घेतला आणि पुढं 'चिंतामणी (काकू)' असं लिहिलं.

"गाडी हाय का नवरी?" डबा उघडल्यावर गोरोबा ओरडला.

"तुमी इंजिनाचं बघा," ती म्हणाली.

पहिला हात मारला त्या दिवशी मात्र घात झाला. ओला रंग आरशासारखा चमकत होता, शिवांजली फोटो काढत होती, आणि तेवढ्यात पलीकडच्या शेतात सोयाबीनचं मळणी मशीन सुरू झालं. वारा फिरला. बघता बघता भुसकटाचा लोट आला आणि चिंचेखाली उतरला. डाव्या दाराला दाढी फुटली.

द्वारकाबाई ब्रश हातात धरून बघत राहिली. आठ दिवसांची मेहनत. गोरोबा बॉनेटखालून बाहेर आला. त्यानं दाराकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. तिच्या केसांत, भुवयांवर, नाकाला लागलेल्या रंगावर भुसकट चिकटलं होतं.

"ह्या दाराची दाढी करावी लागंल," तो म्हणाला, "आन तुझी मिशी."

आधी तो हसला, मग शिवांजली, आणि मग द्वारकाबाईला असं हसू आलं, की ती मडगार्डाला टेकायला गेली आणि ओल्या रंगाला पाठ लावून बसली. ते मडगार्डही पुन्हा करावं लागलं. दार वाळल्यावर घासायला गोरोबानं स्वतःहून पॉलिश पेपर उचलला. उभं घासलं.

मळण्या उरकल्या. दुसरा हात शांत हवेत बसला. मागच्या फाळक्याला तिनं पिवळा काठ दिला, बॉनेटच्या दोन्ही कडांना लाल. गोरोबानं पाइप बदलले, टाकी धुतली, ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. एका रविवारी सकाळी तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि स्टार्टर दाबला. खर्रर्र, आणि गप्प. पुन्हा दाबला. गप्प. तिसऱ्यांदा गाडी खोकली, काळ्या धुराचा ढग सोडला आणि अख्खी थरथरून सुरू झाली. चिंचेवरची पाखरं उडाली. कल्याणप्पा धोतर सावरत लगबगीनं आला. गोरोबानं काच खाली केली. हॉर्न दाबला. मग पुन्हा दाबला.

रस्त्यावर न्यायला कागद नव्हते, पण घरापासून मळ्यापर्यंतची पाणंद आपलीच होती. द्वारकाबाई शेजारी चढून बसली. मागं हौद्यात शिवांजली, कल्याणप्पा आणि झंपरं न्यायला आलेल्या सहा-सात बायका उभ्या राहिल्या. गाडी हलली तशी बायकांनी एकमेकींना धरलं आणि ओरडल्या, मग कोणीतरी गाणं सुरू केलं. मळ्यातली माणसं विळे हातात धरून बांधावर आली. उन्हात गाडी अशी दिसत होती, जशी कोणी नवी साडी नेसून जत्रेला निघावी.

"लई हळू चालवायलात," द्वारकाबाई म्हणाली.

"रंग ओला आसंल म्हनून."

"वाळून आठ दिवस झालं की!"

गोरोबानं गिअर बदलला. वळणावरची बाभळीची फांदी त्यानं बघितली, पण उशिरा. कर्रर्र करत ती नव्या रंगाच्या दारावरून मागपर्यंत ओढत गेली. गाडी थांबली. हौद्यातलं गाणंही थांबलं. गोरोबा चोरट्या नजरेनं बायकोकडं बघायला लागला.

द्वारकाबाईनं खिडकीतून डोकं काढलं आणि लांबलचक पांढरी रेघ नीट बघून घेतली.

"चला वो," ती म्हणाली. "अजून अर्धा डबा उरलाय."