घराण्याचा जप

"आमच्या घराण्यानं दर पिढीला किमान एक संत दिला आहे," नारायणरावांनी कुलवृत्तांताच्या प्रुफातून मान वर करून जाहीर केलं, आणि त्यांचा चष्मा आमटीच्या वाटीत पडला.

मयुरानं तो चिमटीनं काढला, ओढणीला पुसला आणि काकांच्या नाकावर बसवला. धाकट्या भावाची ही मुलगी हैदराबादला मेंदूच्या आजारांवर संशोधन करते, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याचा संतांशी काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"वाच की. परवा छापायला जातंय. मग लक्ष्मी गेटचा तो छापखानेवाला वेलांटीसुद्धा बदलू देत नाही."

मयुरा वाचू लागली. नारायणरावांचे वडील संभाजीराव: अखेरची सात वर्षं उजव्या हाताच्या बोटांवर अखंड जप, मुद्रेवर ना राग ना लोभ. बहीण पार्वती: बावन्नाव्या वर्षी मौन धरलं, पुढे अन्नही वर्ज्य केलं. धाकटे बंधू अजयराव, म्हणजे मयुराचे वडील: ऐन नोकरीत वैराग्य, एका पहाटे अनवाणी निघाले ते गुरसरायच्या रस्त्यावर सापडले.

"सापडले नको. 'लोकांना दर्शन झाले' असं कर," नारायणराव म्हणाले.

"काका, आजोबांचा जप झोपेत थांबायचा?"

"झोपेत कोण जप करतं, वेडे?"

"आणि आत्याला पाणी पितानाही ठसका लागायचा ना?"

"निर्जळी व्रत होतं तिचं." हे उत्तर मात्र जरा उशिरा आलं.

मयुरानं प्रूफ उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं चौकोन-वर्तुळांत घरातली माणसं मांडली. वडील वर, खाली तीन भावंडं.

"बाबांना वैराग्य नव्हतं आलं, काका. मी कोण, तेच त्यांना आठवत नव्हतं." तिनं तिघांना रेघांनी जोडलं. "बीमारी थी. तिघांचीही. आजोबांना कंपवात, आत्याच्या नसा गेल्या, बाबांची स्मृती. आजार वेगळे, पण आत जनुकांचं जाळं असतं ना, त्यातले पुष्कळ धागे तिन्हीत तेच निघतायत."

नारायणरावांनी छत्तीस वर्षं झाशीच्या रेल्वे यार्डात गाड्या लावल्या होत्या. पेन्सिलीच्या रेघांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"म्हणजे कानपूरची लाइन वेगळी, भोपाळची वेगळी, ग्वाल्हेरची वेगळी. जंक्शन आपलंच."

"तसंच काहीसं. पण जाळ्यात आहे म्हणजे होतंच, असं नाही."

"तुझं?"

"तपासणीला रक्त दिलं होतं. रिपोर्ट आलाय." तिनं पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "उघडला नाही अजून."

स्वयंपाकघरातून कुसुमावतीकाकू पोळपाट पुसत बाहेर आल्या. "जेवताना कसले गं आजार काढता? त्यापेक्षा हे ऐक. चैत्रापासून यांचाही जप सुरू झालाय. आपसूक! टीव्ही बघतानासुद्धा खंड नाही. अर्धा नगरा मोहल्ला पाया पडून गेला."

मयुरानं मान वर केली नाही. कागदावर नारायणरावांचा चौकोन होता, त्याच्याभोवती तिचं बोट एकदा फिरलं आणि बाजूला झालं.

नारायणरावांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. अंगठा तर्जनीवर फिरत होता, औषधाची गोळी वळावी तसा. त्यांनी डाव्या हातानं तो दाबून धरला. थांबला. डावा हात उचलला. पुन्हा सुरू. एवढ्या महिन्यांत आपण नाम कोणाचं घेतोय, हे त्यांनी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"पुस्तकाचं काय करायचं, काका?"

बेल वाजली. काकूंनी दार उघडलं. "अहो, शुक्लाजींची सून आलीय. पाया पडायचंय म्हणते."

"आओ बेटा, बैठो," नारायणराव नेहमीच्याच आवाजात म्हणाले. मग मयुराकडे जरा झुकले.

"देवघरातली माळ दे गं इकडे. नुसता हलणारा हात बरा दिसत नाही."