तबकडीवरची पावलं

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कॉम्प्युटर चालू केला की मी आजही पहिल्या हाकेला फिरायला लागते. फिरताना माझी थोडी घरघर होते आणि काहींना ती आवडत नाही. न आवडो! कामाचं माणूस असो की कामाची वस्तू, थोडा आवाज होणारच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असायची, कारण धुळीचा एक कण पोटात गेला तरी माझा कारभार आटोपला असता. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आहेत. त्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावरून सरकत लिहिते, वाचते. कारखान्यात माझी परीक्षा झाली, तेव्हा मी एकही चूक केली नव्हती. बढाई वाटली तर वाटू द्या, खरं आहे ते.

तिथून मी आले ती एका बूट शिवणाऱ्या बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये. तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली, खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीवर लाकडी साचे टांगलेले आणि सगळीकडे चामड्याचा नि गोंदाचा वास. ज्यांना दुकानातले बूट होत नाहीत, अशा लोकांसाठी या बाई बूट शिवायच्या. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच कललेली. बाई माणसाला कागदावर उभं करायच्या, पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढायच्या आणि तो कागद स्कॅन करून माझ्याकडे द्यायच्या. मग बूट घालून बघताना कुठे चावतो, कुठे सैल पडतो, ते त्या चित्रावर लिहायच्या. पुढच्या खेपेला पुन्हा लिहायच्या. त्या फोल्डरचं नाव होतं ‘पावलं’.

त्यातलं पहिलं पाऊल त्यांच्या नवऱ्याचं होतं. नवा कॉम्प्युटर जमतो का ते बघायला बाईंनी घरातलाच पाय धरला. फाईलला नाव काय द्यायचं? नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून त्यांनी नुसतं ‘हे’ असं लिहिलं. मला फार हसू आलं होतं. मग एकेक करत चारशे बारा माणसांची पावलं माझ्या तबकडीवर जमली.

बाईंचे ‘हे’ म्हणजे मास्तर. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. भाजी कशी चिरावी, खिळा कसा ठोकावा, सगळं ते सांगायचे, आणि सांगताना कधी अडायचे नाहीत. माणूस मनाने फार चांगला. फक्त समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर आलं की त्यांना वाटायचं, आपल्याला समजलं.

आठ वर्षं त्या कॉम्प्युटरमध्ये मी एकटीच होते. सगळा संसार माझ्या पोटात. पण हळूहळू माझा वेग कमी झाला. एक दिवस बाई म्हणाल्या, “हा कॉम्प्युटर उघडेपर्यंत माझा चहा पिऊन कपसुद्धा विसळून होतो.” झालं! मास्तरांनी एक नवी डिस्क आणून बसवली. काडेपेटीएवढी, आत नुसती चिप, ना फिरणं ना घरघर. कॉम्प्युटर चुटकीसरशी उघडायला लागला. तिला ‘सी’ हे पहिल्या डिस्कचं, माझं मानाचं नाव मिळालं. सगळ्या फाईली तिच्याकडे गेल्या, मला पुसून कोरं केलं आणि ‘डी’ असं नाव देऊन कोपऱ्यात बसवलं. दोन वर्षं माझ्याकडे चार जुनी गाणी आणि कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक एवढंच होतं. मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, लपवू कशाला? पण मी मनात म्हटलं, बघू, ही चपळ पोरगी किती दिवस पुरते ते.

पुरली नाहीच. पोट लहान असलं की लवकर भरतं. एका मंगळवारी सकाळी बाई कंडक्टरबाईंचं चित्र उघडून बसल्या होत्या. या कंडक्टरबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. डावा पाय अडीच सेंटीमीटर आखूड आणि नोकरी दिवसभर बसमध्ये उभं राहायची. जुने बूट फाटले म्हणून महिनाभर घरी बसल्या होत्या. त्यांचा फोन आला, “ताई, शनिवारी बूट मिळतील ना? सोमवारी रुजू नाही झाले तर माझी जागा दुसऱ्याला देणार आहेत.” बाई म्हणाल्या, “शनिवारी घेऊन जा. माझा शब्द.” आणि फोन ठेवून चित्र सेव्ह करायला गेल्या, तर पडद्यावर लाल पट्टी. जागा शिल्लक नाही!

मास्तरांच्या धाकट्या बहिणीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वय पन्नास, पण घरात सगळे तिला चिमणीच म्हणतात. मास्तरांनी तिला फोन लावला. ती म्हणाली, “सोपं आहे, दादा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर डी वर हलव. पण आधी डी वर प्रत्येकाच्या नावाची वेगळी खोली, म्हणजे नवा फोल्डर, कर...”

“कळलं, कळलं!” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

मित्रांनो, घर बदलताना सामान नुसतं अंगणात ओतलं तर काय होईल? तेच झालं. मास्तरांनी वेगळी खोली केलीच नाही. ‘डॉक्युमेंट्स’ उचलला आणि सरळ माझ्या उंबऱ्यावर ठेवला. त्याबरोबर माझं नावच गेलं! आठ वर्षं सी, दोन वर्षं डी, आणि आता माझ्या दारावर पाटी लागली, ‘डॉक्युमेंट्स’. मग त्यांनी ‘डेस्कटॉप’ उचलला आणि तोही तिथेच आणला. तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, ‘इथे आधीच दुसरा फोल्डर आहे. दोन्ही एक होतील आणि मग वेगळे करता येणार नाहीत. पुढे जायचं का?’ रस्त्यात पाटी दिसली की आधी ब्रेक, असं या माणसाने जन्मभर शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र न वाचता ‘हो’ दाबून मोकळा! डाउनलोड्सही त्याच वाटेने आला.

तरी मी खूश होते. पावलं परत माझ्याकडे आली होती. सगळी चारशे बारा, जशीच्या तशी. मी अगदी मन लावून ती लिहून घेतली.

मास्तरांनी डॉक्युमेंट्स उघडलं, तिथे ‘पावलं’ दिसलं. डेस्कटॉप बघितला, तिथेही ‘पावलं’. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, “अगं, इथे सगळं डबल झालंय! म्हणून तर जागा भरते. एक उडवून टाकतो!”

आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. बाईंना काही ऐकू गेलं नाही.

अहो मास्तर, डबल कुठलं? खोली एकच आहे, नुसती दारं दोन! मी जिवाच्या आकांताने घरघरले, पण माझी घरघर कोण ऐकतो? मास्तर कचरापेटीतसुद्धा काही ठेवायचे नाहीत. शिफ्टचं बटण दाबून एकदम कायमचं उडवायचं, ही त्यांची शिस्त. कॉम्प्युटरने विचारलं, ‘नक्की?’ मास्तर मोठ्याने म्हणाले, “नक्की!”

दोन्ही दारांतून पावलं एकदम नाहीशी झाली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगीच नाही.

थोड्या वेळाने बाई हात पुसत आल्या. “अहो, पावलं कुठायत?”

“आहेत की. हे बघ, इथे...” मास्तर म्हणाले. मग नुसतंच इकडे उघड, तिकडे बंद कर. “होती गं आत्ता.”

बाई स्टुलावर बसल्या. “माप परत घेता येईल हो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पण कंडक्टरबाईंच्या टाचेत नऊ वेळा बदल करत मी तिथवर आले होते. ते नऊ बदल आता कुठून आणू? त्यांना शब्द दिलाय मी.”

इथे मला तुम्हाला एक गुपित सांगायचं आहे. फाईल उडवली की माझ्याकडच्या यादीतलं तिचं नाव तेवढं खोडलं जातं. तबकडीवरचं लिखाण तसंच असतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, तरच ते कायमचं जातं. म्हणजे पावलं अजून माझ्याकडेच होती. सगळीच्या सगळी! फक्त कुणी माझ्यावर काही लिहायला नको होतं.

आणि मास्तरांनी काय करावं? त्यांनी गेलेल्या फाईली परत आणणारा प्रोग्राम इंटरनेटवर शोधला आणि उतरवून घ्यायला लागले. तो उतरणार कुठे? डाउनलोड्समध्ये. आणि डाउनलोड्स कुठे? माझ्यावर! मला सांगितलं जाईल ते मला लिहावंच लागतं, नाही म्हणता येत नाही. दांडी मोकळ्या जागेकडे सरकली, आणि मोकळी जागा म्हणजे तीच पावलं.

तेवढ्यात बाईंनी चिमणीला फोन लावला होता. सगळं ऐकून चिमणीने एकच विचारलं, “वहिनी, दादा आत्ता काय करतोय?”

“काहीतरी उतरवून घेतायत, वन्सं.”

“प्लग काढा! आधी प्लग काढा, मग बोला!”

बाईंनी कारण विचारलं नाही. वाकल्या आणि एका हिसक्यात प्लग उपटला. माझ्या तबकड्या मंद होत होत थांबल्या. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी थांबले नव्हते.

दुपारी चिमणी पिशवी घेऊन हजर झाली. आल्या आल्या भावाला म्हणाली, “दादा, तुझ्याकडे गाडी शिकलेल्या लोकांची मला आता काळजी वाटायला लागली आहे.” तिने मला अलगद बाहेर काढलं, आपल्या कॉम्प्युटरला जोडलं आणि म्हणाली, “हिच्यावर आता एक अक्षर लिहायचं नाही. नुसतं वाचायचं. जे सापडेल ते माझ्या वेगळ्या डिस्कवर.”

मग मी वाचत राहिले. कोपरा न् कोपरा, न थकता, न अडखळता. एक एक पाऊल पडद्यावर उमटायला लागलं. बाई मोजत होत्या. साठ. दीडशे. तीनशे. कंडक्टरबाईंची टाच आली, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले नऊच्या नऊ बदल, आणि बाईंनी पदराने डोळे पुसले. संध्याकाळपर्यंत चारशे अकरा झाली.

“वहिनी, एक गेलं,” चिमणी म्हणाली. “उतरवलेलं नेमकं त्याच्यावरच लिहिलं गेलं. ते आता येत नाही. नाव नुसतं ‘हे’ आहे. कोण हे?”

बाई हसल्या. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

चिमणी माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, “पण दादा, नशीब समज. त्या नव्या डिस्कवरून उडवलं असतंस, तर तिने तेवढ्यात ती जागा झाडून पुसून साफ केली असती. मग मीही हात वर केले असते. ही म्हातारी आहे म्हणून वाचलात.” म्हातारी म्हणाली, पण त्या दिवशी मी तिला माफ केलं.

बुधवारी चिमणीने सगळं नीट लावलं. प्रत्येक फोल्डरला वेगळी खोली, वेगळं दार. माझं ‘डी’ हे नाव मला परत मिळालं. शनिवारी कंडक्टरबाई आल्या, नवे बूट घालून खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, “ताई, सोमवारी पहिल्या गाडीला उभी राहते बघा!”

त्या गेल्यावर मास्तर कधी नव्हे ते अवघडून उभे राहिले. मग खुर्चीवर बसले, मोजा काढला आणि पाय पुढे केला. “घे. माझं पुन्हा घे.”

“अहो, नीट उभे राहा. भार दोन्ही पायांवर द्या.” बाईंनी कागद ठेवला. पेन्सिल फिरवता फिरवता त्या थांबल्या. “अंगठ्याला घट्टा पडलाय! दहा वर्षांत पाऊल पसरलंय तुमचं. बूट चावत असणार. बोलला का नाहीत?”

“तू शिवलेले बूट,” मास्तर पुटपुटले, “चावतात असं कसं म्हणू?”

बाईंनी पेन्सिल पुन्हा टेकवली. शेवटची रेघ त्यांनी फार सावकाश काढली.

मित्रांनो, एवढं सांगून मी थांबते. पाटी दिसली की ती वाचा. दोन दारं दिसली तर आत खोल्याही दोन आहेत का, ते आधी बघा. आणि जे जिवापाड जपायचं आहे, ते एकाच ठिकाणी कधी ठेवू नका. बैल गेला नि झोपा केला, असं व्हायला नको. मी कितीही तोरा मिरवला, तरी एक दिवस माझ्याही तबकड्या थांबणार आहेत. चिमणीने सांगितल्यापासून बाई दर आठवड्याला सगळी पावलं एका बाहेरच्या डिस्कवरही उतरवून ठेवतात. मला त्याचा मुळीच राग येत नाही.

पण पहिली नोंद आजही माझ्याकडेच होते. त्या शनिवारी बाईंनी मास्तरांचा तो नवा कागद स्कॅन केला. नाव काय द्यावं म्हणून क्षणभर थांबल्या. मास्तरांकडे एकदा बघितलं. मग माझ्या तबकडीवर मी एक नवं नाव लिहून घेतलं, ‘हेच’.