पडवीतला बल्ब

मिरजोळ्याच्या कारखान्यात आठवडाभर बल्बची सर्किटं तपासून नम्रताचं अंग आंबून गेलं होतं. तरी रविवारी एसटी धरून ती गुहागरला आईकडे आली, कारण न येऊन चालणारच नव्हतं. विहिरीवरचा पंप जळला होता आणि हर्षददादानं मुंबईहून फोनवर निकाल देऊन टाकला होता, "आईला आता एकटीला झेपत नाही. मी येतो आणि घेऊन जातो."

आई, कमळाबाई, पोफळींना बादलीनं पाणी घालत होती. रहाट ओढून तिचे तळवे सोलवटले होते. ते बघून नम्रताला रडू आलं, पण रडायचंही त्राण नव्हतं. ती पायरीवर टेकली.

"बल्ब बघूनच पंप लावला गो मी," आई म्हणाली. "पिवळा असता तर हात लावला असता काय? लख्ख होता. डोळे तरी गेले माझे, नायतर डोकं."

या घराची रीतच ती होती. पडवीतला बल्ब मलूल दिसला की वीज कमी, पंप लावायचा नाही, नाहीतर तो जळतो. वीज मोजायला घरात दुसरं काही कधी आलंच नाही.

नम्रतानं बटण दाबलं. बल्ब पांढराशुभ्र पेटला आणि तिच्या लक्षात आलं. गणपतीत जुना तारेचा काढून हा तिनंच हौसेनं लावला होता, कारखान्यातला एलईडी. याच्या आतलं सर्किट वीज कमी आली की जास्त करंट ओढतं आणि उजेड तसूभरही ढळू देत नाही. वीज निम्म्यावर आली तरी हे शहाणं आपलं हसतंच. बिचाऱ्या पंपाला कुठली असली सोय! आणि ते सर्किट असंच वागतं ना, हे तपासायचाच तिला पगार होता.

"आये, तुझं काय चुकलं नाय. हा नवा बल्ब वीज कमी झाली तरी कळू देत नाय. घोळ माझा आहे."

"म्हणजे मी खुळी नाय झाले?"

"नाय गो."

"मग हर्षदला सांग तसं. आत्ताच सांग."

नम्रतानं फोन लावून सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "बरं, राहू दे तिला तिथंच. नवा पंप बसवू."

तिनं हसत आईला ते सांगितलं. आई खांबाला टेकून बसली.

"नको. येऊ दे त्याला. दमले गो मी, कधीची दमलेय. फक्त डोकं फिरलं म्हणून नेलंन, असं नको होतं मला."