लाल हद्दीतल्या म्हाताऱ्या

करोनाची लस अमेरिकेत केंटकी राज्यातल्या आमच्या डोंगराळ काउंटीत आली, तेव्हा आधी कुणाला द्यायची हे आरोग्य खात्याच्या नकाशावर ठरलं. जिथे गरिबी, दाटीची घरं, दारात गाडी नाही, तो भाग लाल, बाकी निळा. लसीची व्हॅन आधी लाल भागात. नकाशाचं काम कर्टिस ॲशरकडे होतं. पोरगा सरळ, पण आकडे म्हणजे त्याला देववाणी.

सगळ्यात लाल निघालं कॉलेजचं आवार. खोटं नव्हतं. तिथल्या पोरांच्या खिशात दमडी नाही, खोल्या कोंदट, गाडी क्वचितच. आणि आमचं खोरं, जिथे निम्म्याहून जास्त म्हातारीकोतारी, ते निळं! कारण प्रत्येकाचं स्वतःचं घर, प्रत्येक दारात गाडी. वयाचाही हिशेब धरला होता, पण घर-गाडीच्या आकड्यांपुढे तो एकटाच पडला.

खोऱ्यातल्या व्हर्लीन स्टिडम या विधवा बाईने जन्मभर शाळेची बस चालवली होती. निळ्या रंगाचं कारण समजल्यावर तिने कर्टिसला जेवायला बोलावलं. बीन्स आणि मक्याचा पाव पोटभर वाढला आणि मग मला जरा गावात सोड म्हणाली. कर्टिस आपली किल्ली काढू लागला.

"तुझी गाडी कशाला? माझी आहे ना," व्हर्लीन म्हणाली. "नकाशात दिसली नाही का तुला?"

कोठारामागे तिची गाडी दगडांवर उभी होती. चाकं नव्हती. मागच्या सीटवर कोंबड्या, आणि स्टिअरिंगसमोर एक जाडजूड कोंबडी फुगून बसलेली.

"हळू चालव हो," व्हर्लीनने बजावलं. "बाळंतीण आहे ती."

मग तिने त्याला शेजारच्या ओव्हा जीनकडे नेलं. तिच्या गाडीत बटाटे साठवले होते. कर्टिसने पुढची घरं बघायचं धाडस केलं नाही. तो ओशाळून म्हणाला, की रंगाचे नियम वरून ठरतात, ते बदलायला महिने जातील. तरी एक आहे, व्हॅनवाले पत्ता विचारत नाहीत; लाल हद्दीत जो उभा असेल त्याला टोचतात. एवढं बोलून त्याने जीभ चावली.

"परत सांग रे," व्हर्लीन म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

तिला चांगलं ऐकू यायचं.

शनिवारी सकाळी चर्चच्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या आणि त्यांचे कुरकुरणारे नवरे गवताच्या ट्रेलरमध्ये बसून कॉलेजात पोचले. ट्रॅक्टर व्हर्लीनच्या हातात. व्हॅनमधली नर्स माश्या मारत बसली होती. शनिवारी सकाळी कुठला विद्यार्थी उठतो? ट्रॅक्टरच्या आवाजाने मात्र सगळी पोरं उठली, म्हाताऱ्यांना बसायला खुर्च्या घेऊन आली. नर्सने विचारलं, तुम्ही इथे कशा? व्हर्लीनने सांगितलं, शिकायला. कुठला विषय?

"मुलं बघून ठरवीन," ती म्हणाली.

सुईला घाबरणाऱ्या ओव्हा जीनने बास्केटबॉल खेळणाऱ्या एका उंच पोराचा हात धरला. सुई निघाली, पट्टी लागली, तरी हात काही सुटला नाही.

सोमवारी राजधानीतल्या आरोग्य खात्यातून कर्टिसला फोन आला. पलीकडच्या बाई शंकेने विचारत होत्या, की तुमच्या कॉलेजातले लस घेतलेले बहुतेक सगळे पंचाहत्तरीच्या आसपासचे कसे? आकडे चुकीचे भरलेत का?

आयुष्यात पहिल्यांदाच कर्टिसला आकड्यांची गंमत वाटली. "आकडे बरोबर आहेत, बाई," तो म्हणाला. "प्रवेश जरा उशिरा घेतलाय त्यांनी."

मग बाई हसल्या, आणि खरं काय ते सांगा म्हणाल्या. कर्टिसने सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. नकाशा निळाच राहिला. पण दुसऱ्या डोसाची व्हॅन थेट खोऱ्यात पाठवायचं ठरलं.

खोऱ्यात सगळे खूश झाले. फक्त ओव्हा जीन रुसून बसली. तिने पुन्हा कॉलेजात जायला नवी टोपी आणली होती.