ऐंशी पावलं

वल्हं दुसऱ्यांदा खाली आलं तेव्हा टिटवीने पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर वाचवायला हात मध्ये घातला. स्क्रीन फुटली, आणि तिची दोन बोटंही. नाव बारा फुटांची. मागे सरकायचं तर पाण्यातच.

"तीन मासे म्हणालीस ना? कुठायत तीन मासे?"

बाबांनी जाळं तिच्या अंगावर फेकलं. त्यात शेवाळ होतं. हिरवंगार, भरघोस, टपटप गळणारं. तिसरा तडाखा वायरींवर बसला आणि फाइंडरचं उरलंसुरलं धूड नावेच्या तळाशी गडगडलं.

ते तीन मासे टिटवीने स्क्रीनवर खरोखर पाहिले होते, शेपट्यांसकट. एरवी मात्र ती नसलेलेही सांगायची. 'काही नाही' म्हटलं की तिथल्या तिथे मार. 'आहेत' म्हटलं की जाळं वर येईपर्यंत तरी सुट्टी. बाबांना जवळचं दिसत नसे, आणि चष्मा लावला की माणूस म्हातारा होतो असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून शाळा सुटली की ही दहावीतली मुलगी नावेत, स्क्रीनसमोर.

दुसऱ्या दिवशी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरल्या शिरल्या बाबांनी सर्वांत मोठ्या फाइंडरवर बोट ठेवलं. त्याच्या निळ्याशार पडद्यावर मासे वरातीसारखे चालले होते.

"हाच. बघ की, किती मासे!"

"बाबा, तो डेमो आहे," टिटवीच्या तोंडून निसटलंच. "दुकानात पाणी कुठंय?"

गळ निवडत उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. बाबांचा पंजा टिटवीच्या मानेवर आला आणि तिचं कपाळ काउंटरवर आदळलं. काचेला आडवा तडा गेला. गिऱ्हाईक गळ तिथेच टाकून बाहेर पडलं.

दुकानदारीण उठली. दणकट बाई, चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला.

"दादा, काच माझी आहे."

"आणि पोरगी माझी आहे."

"ते दिसलंच." तिने चष्मा चढवला आणि टिटवीच्या बोटांवरची पट्टी पाहिली. "हे काय गं?"

"दारात चेंगरली."

"दार भलतंच तापट दिसतंय."

बाबांनी काउंटरवरून दुकानदारिणीचं मनगट पकडलं. "बाई, माल दाखव."

तिने हात ओढून घेतला नाही. दुसऱ्या हाताने खण उघडला.

"पाणी किती तुमच्याकडे?"

"कमरेएवढं. कुठे कुठे छातीएवढं."

"मग तो मोठा उपयोगाचा नाही. त्याचा झोत बॅटरीसारखा खाली जातो. खोल पाण्यात पसरतो, उथळात ताटलीएवढाच राहतो. वर नाव आली की मासे पळतात ते वेगळंच." तिने पेरूएवढा पिवळा चेंडू काउंटरवर ठेवला. "हा दोरीला बांधून लांब फेकायचा. चित्र फोनवर येतं. फक्त एक आहे, शेवाळ असो की बुडबुडे, याला सगळं मासाच वाटतं. बघणाऱ्याला डोकं हवं."

टिटवीने कपाळ चोळत मान वर केली.

"मावशी, फोन किती लांब चालतो?"

"ऐंशी पावलं."

"मध्ये पाणी असलं तरी?"

"असलं तरी."

"म्हणजे बाबा नावेत, आणि मी..."

"काठावर," दुकानदारीण म्हणाली आणि बाबांकडे वळली. "हिला काठावरच बसवा, दादा. नावेत हललं की चित्र बिघडतं."

चेंडूच्या खोक्यावर एका नावेचा फोटो होता. नावेत दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली, एकाच्या हातात फोन, दोघंही खूश. दुकानदारिणीने खोकं उलटं ठेवलं. टिटवीने ते पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच तोंड बंद ठेवलं.

बाबांनी मनगट सोडलं. "बांधा."

ऐंशी पावलं म्हणजे किती, ते टिटवीने काठाकाठाने चालून पाहिलं होतं. तीनदा. रविवारी सकाळी ती काठावर उभी राहिली, बाजूला रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली सायकल. बाबांनी नावेतून चेंडू फेकला.

"बोल!"

स्क्रीन कोरी होती. सवयीने जीभ 'तीन'कडे वळली. टिटवीने ती आवरली.

"काही नाही!"

"काय?"

"काही नाही, बाबा!" पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

बाबांनी वल्हं उचललं. टिटवीचा पट्टी बांधलेला हात आपोआप डोक्यावर गेला. वल्हं पाण्यावर आदळलं, चेंडूला अगदी खेटून. मग पुन्हा. मग पुन्हा. पाणी नावेपेक्षा उंच उडालं, बुडबुडे उसळले, आणि तिच्या दुसऱ्या हातातल्या फोनवर एक मासा उमटला, शेपटीसकट. मग दुसरा. मग तिसरा.

"आता?" बाबा धापा टाकत ओरडले.

टिटवीने डोक्यावरचा हात खाली घेतला आणि सायकलच्या हँडलवर ठेवला.

"नाही!"